एकवीस की वीस एक?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमचे मूल या आठवड्यात शाळेत काय शिकत आहे, हे तुम्ही त्यास विचारले काय? आमच्या रांजणगावी कांद्याचा भाव रोज विचारला जातो, कारखान्यातली पाळी विचारली जाते; पण पोराच्या वहीत काय आहे, हे विचारणारा विरळा. सबब आम्हीच सांगतो. दुसरीच्या वर्गात सध्या दोन अंकी संख्या चालू आहेत.

यात मोठे ते काय, असे कोणी म्हणेल. आपण बत्तीस म्हणतो, तेव्हा दोन आधी बोलतो व तीस मागून. लिहिताना मात्र तीन आधी येतो. मूल ऐकते तसे लिहिते व २३ मांडते. एकोणचाळीसात तर नऊचा उच्चारही नाही! मग घरचे म्हणतात, पोराला डोके नाही. दोष पोराच्या डोक्याचा नव्हे, शब्दाच्या उलट्या चालीचा आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची व उलट्या क्रमाची अडचण सांगितली. तरी पुष्कळांनी थट्टाच केली. कानडीत व तेलुगूत वीस आधी व एक मागूनच बोलतात. त्याने त्या भाषा बुडाल्या काय?

आम्ही वर्गात दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधवितो. तीन जुड्या व दोन सुट्या काड्या, म्हणजे तीस दोन. हे मुलास डोळ्यांनी दिसते. मग सांगतो, यासच बाजारात बत्तीस म्हणतात. दोन्ही पाहिजेत. नुसते तीस दोन शिकलेले पोर बाजारात अडेल. नुसते बत्तीस घोकलेले पोर कागदावर फसेल.

कागदावर फसणे म्हणजे काय, हे आमच्या शिरूर तालुक्यास नव्याने सांगावयास नको. १८७४ साली याच तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने देशमुखांवर कर्जापायी हुकूमनामा आणला, तेव्हा गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्यास रयत उठली, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. ज्या रोख्यावर आपला अंगठा, त्यावरचा आकडा पुष्कळांस वाचता येत नव्हता. रोखा जळाला, अज्ञान मात्र तसेच राहिले. म्हणूनच १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनापुढे मागितले की, रयतेच्या मुलांस वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीची माहिती शिकवावी, आणि नांगर किंवा सुताराचे वाकस धरण्याची लाज न वाटणारे मास्तर नेमावेत.

आज रोख्याच्या जागी वजनकाट्याची पावती आहे, पगाराची चिठ्ठी आहे, मोबाइलवर आलेला पैशाचा आकडा आहे. ७३ च्या जागी ३७ वाचणारा माणूस आजही तितकाच नागवला जातो.

म्हणून आमचे मागणे थोडकेच आहे. कांदा काढणीसाठी दुसरीचे मूल घरी ठेवू नका. एक आठवडा चुकला की दशकाची गाठ सुटते व पुढचे सारे गणित ढिले पडते. मुलीस धाकट्या भावाजवळ बसवून मुलास तेवढे शाळेत धाडू नका. अंक उलटा लिहिला तर मारू नका. चुलीजवळच्या काटक्यांची जुडी बांधून दाखवा. कुंभाराने पणत्या मोजावयास द्याव्यात, सुताराने खिळे, शेतकऱ्याने कांद्याच्या गोण्या. याला फी पडत नाही व शिकवणीही लागत नाही.

येत्या शनिवारी शाळेत या व आपल्या पोराच्या हातून बत्तीस लिहवून घ्या. ज्यांस स्वतःस अंक येत नाहीत, त्यांनी तर अवश्य यावे. पोराशेजारी बसून शिकण्यात कमीपणा नाही. न समजलेल्या कागदावर अंगठा उठविण्यात आहे.