पोट उघडल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशाला?

"सीटी स्कॅन झाला, एमआरआय झाला. आता ऑपरेशनच्या टेबलावर परत सोनोग्राफी? बिल वाढवायला का?" यकृताच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरले की नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. दागिने मोडून किंवा जमिनीचा तुकडा विकून पैसे उभे करणाऱ्याने प्रत्येक तपासणीचे कारण विचारायलाच हवे. पण माझे मत स्पष्ट आहे: यकृतातील कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ही तपासणी व्हायलाच हवी.

ही सोनोग्राफी वेगळी कशी?

नेहमीच्या सोनोग्राफीत ध्वनिलहरींना कातडी, चरबी आणि बरगड्यांमधून वाट काढावी लागते. आतड्यातला वायूही आड येतो. ऑपरेशनमध्ये निर्जंतुक केलेला छोटा प्रोब थेट यकृतावर ठेवून फिरवतात. अडथळा नसल्यामुळे जास्त वारंवारतेच्या लहरी वापरता येतात, चित्र स्वच्छ येते आणि काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते. सर्जनच्या बोटांना वरवरची, कडक गाठ लागते; खोलातली मऊ गाठ निसटते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर यकृत हाताने चाचपताच येत नाही.

त्याने काय बदलते?

समजा, स्कॅनमध्ये एक गाठ होती आणि प्रोबला दुसऱ्या बाजूला आणखी एक सापडली. अशा वेळी दोन्ही काढायच्या, एक जाळायची की मोठी कापाकापी टाळायची, हा निर्णय तिथेच बदलतो. गाठ राहून गेली, तर रुग्णाने एवढे मोठे ऑपरेशन सोसूनही आजार आतच राहतो.

दुसरा फायदा नकाशाचा. यकृताचे आठ भाग मानतात, पण त्यांच्या सीमा वरून दिसत नाहीत. त्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून ठरतात. गाठ कोणत्या शिरेला चिकटली आहे, हे सोनोग्राफी कापण्याआधीच दाखवते. जपानचे सर्जन मासातोशी माकुउची यांनी १९८०च्या दशकात याच आधारावर यकृताचा नेमका तेवढाच भाग काढण्याची पद्धत रुजवली. सिरॉसिस झालेल्या रुग्णासाठी हे फार मोलाचे आहे, कारण उरलेल्या यकृतावरच त्याला जगायचे असते.

मर्यादा आहेतच. सिरॉसिसमध्ये यकृत मुळातच गाठीगाठींचे असते, त्यामुळे प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. प्रोबच्या अगदी खाली, पृष्ठभागालगतची बारीक गाठ सुटू शकते. केमोथेरपीनंतर स्कॅनवरून नाहीशी झालेली गाठ कधी कधी इथेही दिसत नाही. निकाल बघणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतो. म्हणून ही तपासणी सीटी किंवा एमआरआयच्या जोडीला करायची, त्यांच्याऐवजी नाही.

आपल्या जिल्ह्याचे काय?

कॅन्सरच्या बाबतीत सोलापूर जिल्हा मागासलेला म्हणायचे कारण नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्या बार्शीत सुरू झाली. रुग्ण मोजायला आपण इतक्या लवकर शिकलो, तर त्यांच्या ऑपरेशनमध्ये आवश्यक साधन असावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

"सोनोग्राफी यंत्र म्हणजे पीसीपीएनडीटीची कटकट," असे काही जण म्हणतात. १९९४चा हा कायदा मुलींच्या जिवासाठी आला आणि तो कडकच हवा. पण तो यंत्राची नोंदणी मागतो, कॅन्सरच्या ऑपरेशनला मनाई करत नाही. नियमाप्रमाणे नोंदणी करावी, नोंदी ठेवाव्यात आणि यंत्र वापरावे. कागदपत्रांच्या कंटाळ्याची किंमत रुग्णाने का मोजावी?

तुम्ही काय विचाराल?

ऑपरेशनआधी तीन प्रश्न विचारा. ऑपरेशन चालू असताना यकृताची सोनोग्राफी होणार का? ती कोण करणार आणि त्यांना किती अनुभव आहे? नवीन गाठ सापडली तर पुढचा बेत काय?

समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर दुसरे मत घ्या. गरज पडल्यास यकृताची ऑपरेशने नियमित होणाऱ्या केंद्रात जा. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही. आणि आला तरी विचारा, कारण टेबलावर तुमचे माणूस असते.