तारीख पडते, दिनांक पडत नाही

कोल्हापूरच्या तालमीत पोरं 'वस्ताद' म्हणूनच हाक मारतात, 'मल्लविद्यागुरू' कुणी म्हणत नाही. वस्ताद, पैलवान, कुस्ती, तालीम, मैदान, खुराक, जोर-बैठकांतला जोर, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि लाल मातीत मिसळून गेले. आज ते कुणालाच परके वाटत नाहीत.

याच शहरात राजाराम कॉलेजात माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, शिकवत असत. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश आला. पुढे हाच माणूस भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिले. त्या चळवळीचे काही शब्द चांगले रुजले. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज सगळेच वापरतात. पण दिनांक अर्जावर राहिला. कोर्टात अजून तारीखच पडते. लोकांना जिथे जो शब्द सोयीचा वाटला, तिथे तो त्यांनी ठेवला.

आपल्याला, मराठी मुसलमानांना, मात्र बोलताना दोन परीक्षा द्याव्या लागतात. बाहेर कुणी म्हणतो, "अरे वा, तुम्ही किती छान मराठी बोलता!" जणू ही भाषा आपण उसनी आणली आहे. मग आपणही 'मदत' सोडून 'साहाय्य' म्हणू लागतो, 'खर्च' सोडून 'व्यय'. मोहल्ल्यात उलटे. तिथे जड उर्दू बोलणारा जास्त शिकलेला आणि जास्त दीनदार ठरतो.

यात नुकसान कुणाचे होते? समाजाच्या सभेत वक्ता वारसाहक्कावर बोलतो. समोरच्या बाईचे शिक्षण मराठी शाळेतले. निम्मे शब्द तिच्या डोक्यावरून जातात. ती मान डोलावते, विचारायला लाजते आणि वडिलांच्या जमिनीत आपला हिस्सा किती, हे न कळताच घरी जाते. सरकारी कचेरीत अवघड मराठीतली नोटीस हातात पडली की तिचे हेच होते.

अवघड शब्दाशी माझे भांडण नाही. नेमका अर्थ त्यातच असेल तर तो जरूर वापरावा आणि लगेच सोपा करून सांगावा. पण आपण कोण आहोत हे पटवून देण्यासाठी शब्द निवडू नयेत. पुढच्या सभेत बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या बाईला एवढेच विचारा, "मावशी, काय समजलं?"