नवी गाडी धुऊ नका, तशीच द्या
चाकरस्ता : वाटसरू

पाडव्याला आणि दसऱ्याला परभणीतल्या शोरूमपुढे हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या रंगावर मालकाच्या हाती चावी पडण्याआधीच ओरखडे उमटलेले असतात. खरं वाटत नसेल तर दुपारी चारनंतर, ऊन तिरपं झालं की, नव्याकोऱ्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे जरा बाजूला उभं राहून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा दिसतील. पांढऱ्या गाडीवरही त्या असतात, पण सहजी दिसत नाहीत. आपल्याकडे पांढऱ्या रंगालाच पसंती जास्त, त्यामुळे या गोष्टीचा कुणी फारसा गवगवा केला नाही.

हे ओरखडे कारखान्यातून येत नाहीत. कारखान्यात गाडीची बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साह्याने पत्र्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात क्लिअर कोट 40 मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसाहूनही पातळ. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवायचं काम याच थराचं. तो भट्टीत सुमारे 140 अंशांवर भाजून पक्का केलेला असतो. गाडी जोडून झाली की त्या भट्टीत ती परत घालता येत नाही, कारण आत वायरिंग, प्लास्टिक, सीट सगळं बसलेलं असतं. म्हणून गॅरेजमधला रंग 60-70 अंशांवरच वाळवावा लागतो. कंपनीचा रंग एकदा गेला की पैसे मोजूनही तसा परत मिळत नाही, तो यामुळे.

चाकणहून, गुजरातेतून किंवा हरियाणातून गाडी ट्रेलरवर येते तेव्हा बॉनेटवर आणि टपावर बहुधा पांढरी फिल्म असते. मग ती शोरूमच्या यार्डात उभी राहते. यार्ड म्हणजे मुरूम टाकलेली उघडी जागा, वर पत्र्याचं छप्पर नाही, शेजारून रस्ता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो आणि गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्या तापलेल्या रंगावर पक्ष्यांची विष्ठा पडून तशीच राहिली तर तिच्यातलं आम्ल क्लिअर कोट खातं आणि पुसल्यावरही डाग राहतो.

तरी खरं नुकसान होतं ते डिलिव्हरीच्या दिवशी. एका शोरूमच्या मागच्या वॉशिंगला उभं राहून मी हे बघितलं आहे. मुहूर्त अकराचा, रांगेत गाड्या पाच, धुणारी पोरं दोन. पाइपने पाणी मारून धूळ पुरती वाहून जाण्याआधीच फडकं फिरायला लागतं. बादली एक, शॅम्पू एक. त्याच बादलीत चाकाच्या रिमवरून फिरवलेलं फडकं बुडतं आणि तेच दरवाज्यावर चढतं. मधेच ते हातातून निसटून मुरमात पडलं. पोराने उचलून झटकलं आणि पुन्हा टपावर फिरवलं. फडक्यात अडकलेला प्रत्येक खडा क्लिअर कोटवर रेघ ओढत जातो, आणि हात गोल फिरतो म्हणून रेघाही गोल येतात. पुढच्या काचेच्या दालनात तर पाणीसुद्धा नसतं. तिथे मांडलेल्या गाडीवरची रस्त्याची धूळ दिवसातून दोन-तीनदा कोरड्या फडक्याने झटकतात. सणाच्या गर्दीत अनेकदा हीच गाडी कुणाच्या तरी नावावर जाते.

दोष पोराचा नाही, हे स्पष्ट लिहितो. त्याला कुणी शिकवलेलं नाही, दुसरी बादली कुणी दिलेली नाही आणि एका गाडीला वीस मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. बारा-पंधरा लाखांची वस्तू ज्याच्या हाती सोपवायची, त्याच्या हातात पंधरा रुपयांचं फडकं द्यायचं, हा निर्णय मालकाचा आहे.

पाण्याचंही तेच. वॉशिंगला बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी असतं. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरलेलं. तापल्या बॉनेटवर त्याचा थेंब मिनिटभरात आटतो आणि पांढरं वर्तुळ मागे ठेवतो. ते वेळीच काढलं नाही तर रंगात रुतून बसतं. मग ते काढायला रबिंग पॉलिश येतं. मशीनच्या प्रत्येक फेरीत क्लिअर कोटचे एक-दोन मायक्रॉन उतरतात. गाडी चकाकते, घरचे खूश होतात आणि जो थर दहा वर्षं पुरायचा, तो पहिल्याच दिवशी झिजायला सुरुवात होते.

या सगळ्यावर कडी म्हणजे सेल्समन कोटिंगचा कागद पुढे करतो. "काका, टेफ्लॉन करून घ्या, पाच वर्षं बघायचं काम नाही." तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसवायला साडेतीनशे अंशांहून जास्त उष्णता लागते. गाडीचा रंग ती सोसूच शकत नाही. शोरूममध्ये त्या नावाखाली लावतात ते बहुतांशी मेणासारखं पॉलिश, काही धुण्यांत उतरणारं. सिरॅमिक कोटिंग ही खरी चीज आहे, पण ते लावण्याआधी रंग निर्दोष करावा लागतो आणि त्यात मन लावून केलेले तास जातात. मुहूर्ताच्या आदल्या रात्री घाईत लावलेलं कोटिंग खालचे ओरखडे तसेच झाकून बसतं. स्वतःच्या वॉशिंगने खराब केलेला रंग झाकायचे पैसे ग्राहकाकडूनच घ्यायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

तक्रार घेऊन गेलं की शोरूमवाले कंपनीकडे बोट दाखवतात. अशा वेळी गोव्यातला एक खटला लक्षात ठेवावा. तिथल्या ग्राहकाने 2011 साली फियाट पुंटो घेतली. गाडी 2009 ची निघाली, 622 किलोमीटर आधीच चाललेली. अंगावर ओरखडे आणि रिमला गंज असल्याचीही त्याची तक्रार होती. फियाटच्या गाड्या तेव्हा टाटांच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या जात. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत ग्राहक जिंकत गेला, पण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. कंपनी आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत आणि विक्रेत्याकडे गाडीचं काय झालं हे कंपनीला माहीत असल्याचा पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. म्हणजे यार्डात आणि वॉशिंगला जे घडतं त्याचा जाब शोरूमलाच विचारायचा, आणि तो विचारायची उत्तम वेळ सही करण्याआधीची.

माझं सांगणं एवढंच की बुकिंग करतानाच फॉर्मवर लिहून द्या, "गाडी धुऊ नये, पुसू नये, पॉलिश-कोटिंग करू नये, फिल्म माझ्यासमोर काढावी." त्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. कुणाकडे रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर असेल तर पत्र्यावर लावून बघा. एका दरवाज्यावर 110 आणि दुसऱ्यावर 250 आकडा आला तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे साधं मीटर चालत नाही. जे दिसेल ते डिलिव्हरी नोटवर लिहूनच सही करा.

गाडी नांदेडहून घ्या की संभाजीनगरहून, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या जिल्हा आयोगातच करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

शोरूमवाले म्हणतील, माणसं घरच्या बाया-पोरांसह नारळ घेऊन येतात, त्यांच्यापुढे धुळकट गाडी कशी ठेवायची? प्रश्न रास्त आहे. सोयाबीनच्या पैशात बँकेचं कर्ज मिळवून घेतलेली ती गाडी असते. त्या घरासाठी तो सण असतो, आणि म्हणूनच ती नीट धुवा. दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक फडकं खळबळायची. रंगासाठी मायक्रोफायबर, चाकांसाठी वेगळं फडकं. वॉशिंगला सावली. बोअरला सॉफ्टनर, म्हणजे क्षार काढणारं यंत्र. पोरांना दोन दिवसांचं शिक्षण आणि गाडीमागे तासभर वेळ. हे सगळं जमेपर्यंत मात्र वॉशिंग बंद ठेवा आणि गिऱ्हाइकाला गाडी धुळीसकट द्या.