धुराचा ताळेबंद बांधापासून मांडावा

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद नफातोट्याचा ताळेबंद तपासून पाहतात. यापुढे धुराचा ताळेबंदही त्यांनी तितक्याच आस्थेने मागावयास हवा, असे आमचे मत आहे. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. हवेत जितका कर्बवायू जाईल तितकाच परत शोषला जावा, हा त्याचा सरळ अर्थ होय. हे काम शहरांतील उद्योगांचे, आपणांस त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. साखर कारखाना हा आपलाच उद्योग आहे.

हा ताळेबंद तीन रकान्यांत मांडतात. कारखान्याच्या आवारात जळणारे इंधन पहिल्या रकान्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि आवाराबाहेर घडणारे सर्व काही तिसऱ्यात. कारखान्याचे बॉयलर मुख्यतः बगॅसवर चालतात. त्यातील कर्ब उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने तो कोळशाच्या पंक्तीस बसत नाही. म्हणून तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. आणि तो रकाना आपल्या शेतात भरला जातो. ऊसवाहतुकीचे एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. पिकाच्या गरजेपेक्षा अधिक युरिया टाकल्यास नायट्रस ऑक्साइड वायू अधिक सुटतो व तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. पाचट पेटविल्याने जमिनीचे खाद्यच राख होते.

कोणी सुचवितात की, झाडे लावावीत किंवा प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, म्हणजे हिशेब शून्य झाला. झाडे अवश्य लावावीत. परंतु फुटलेला बांध तसाच ठेवून विहिरीचे पाणी उपसत राहणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम मोजणी, नंतर घट आणि उरेल तेवढ्याचीच भरपाई, हाच क्रम योग्य होय.

मात्र या घटीचा सारा भार शेतकऱ्यावर टाकणे आम्हांस मान्य नाही. खोडव्यात पाचट ठेवावयाचे तर ते बारीक करणारे यंत्र लागते आणि आंतरमशागतीची अडचण सोसावी लागते. कारखान्याने यंत्र माफक भाड्याने द्यावे, माती परीक्षण करून द्यावे व ठिबकास साहाय्य करावे. पुढेमागे कर्ब वाचविल्याबद्दल कारखान्यास उत्पन्न मिळाले, तर त्यात सभासदाचा वाटा आधीच लेखी ठरलेला असावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हंगामात एवढेच करावे : प्रत्येक ऊस उत्पादकास एक वही ठेवावयास लावावी. युरियाच्या गोण्या, डिझेलचे लिटर, पंपाचे तास आणि पाचट जाळले की पसरले, या चार नोंदी तीत असाव्यात. १९५० साली प्रवरानगर येथे शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना सुरू करून दाखविला. त्याच शेतकऱ्यांच्या वारसांना चार नोंदी ठेवणे जड जाऊ नये. ज्याच्या हाती वही, त्याच्या शब्दाला सभेत वजन.