कुत्रं वावर उकरतं? आधी गड्डा पाहा

कुत्र्यानं वावरात गड्डे केले की आपल्याकडं दोनच इलाज : काडी नाहीतर साखळी. मला दोन्ही पटत नाहीत. ते कशासाठी उकरतं हे गड्डा पाहूनच समजते. कारण तसंच ठेवून मारलं तर आपल्यासमोर थांबते, पाठ फिरली की पुन्हा सुरू.

नवतप्यात ठिबकच्या नळीजवळ, आंब्याच्या बुडाशी उथळ, अंगाएवढा गड्डा दिसला तर ते उन्हाचं काम. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होते. सावलीत वाळूचा एक गड्डा आपणच करून द्या, दिवसातून दोनदा पाणी शिंपा, तिथं बसलं की कौतुक करा. भलतीकडं उकरताना दिसलं तर तेव्हाच हटकून इकडं आणा. तासाभरानं मारलं तर मार कशाचा, ते त्याला कळत नाही.

मिरचीच्या वाफ्यात नाक घालत असलं तर खत आठवा. हाडांचा चुरा टाकला असेल तर वासावर येणारच. त्यात एरंडीची पेंड मिसळली असेल तर तेही खाते, आणि त्या पेंडीतलं विष कुत्र्याचा जीव घेते. वाफ्यावर बोरीच्या काट्या अंथरा. आपल्या भिवापुरी मिरचीचं रोपही वाचेल.

आता धुऱ्यावरचा खोल, अरुंद गड्डा. तिथं बहुतेक उंदीर नाहीतर घूस असते. फुकटचा सर्वे झाला म्हणा ना! सांजच्याला सगळी बिळं मातीनं बुजवा, सकाळी जी उघडी दिसतील ती चालू. मंग औषध. ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, बिळात टाकून तोंड बुजवा, असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण बुजवलेलं बीळ कुत्र्याला बंद नसते. ते नेमकं तिथंच उकरते. हे औषध पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते, आणि त्याला उतारा नाही.

म्हणून औषध टाकायच्या आधी कुत्रं घरी न्या. मेलेले उंदीर, उरलेलं आमिष वेचून खोल पुरा, मंगच त्याला वावरात सोडा. एवढे दिवस बांधलं तर माझी हरकत नाही.

पण बाराही महिने साखळीला? दिवसभर बांधलेलं कुत्रं सुटलं की जास्तच उकरते. आखूड साखळीला तासन् तास बांधणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. शिवाय आपली वावरं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून. रात्री खुंट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

सहायक कृषी अधिकारी साहेबांना एक विनंती. उंदराच्या औषधाचा सल्ला देता तेव्हा कुत्र्याचं एक वाक्य त्यात टाका. पिकासोबत राखणदारही आमचाच आहे.

आणि खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका. औषधाचं पाकीट सोबत घेऊन सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ब्रोमाडिओलोन असेल तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. पाकीट पाहिल्याशिवाय डॉक्टरला ते कसं कळणार?