डिझाइन सुंदर आहे, पण कारागिराला वाचता येतंय का?

जॉबवर्कच्या व्हिडिओत एका फ्रेंच चित्रकाराचा उल्लेख घाईघाईत झाला. तो आज नीट सांगतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत.

झाँ ल्युर्सा हे त्याचं नाव. १९३९ मध्ये तो ओब्युसाँ या गावी गेला. भिंतीवर लावायची विणलेली चित्रं, म्हणजे टॅपेस्ट्री, ही या गावाची शेकडो वर्षांची ओळख. (आपल्या पैठणीचा पदर विणतात, साधारण त्याच जातीचं काम.) पण धंदा पार बसलेला. चित्रकार रंगवलेलं चित्र द्यायचा आणि त्यातली प्रत्येक छटा लोकरीत उतरवताना विणकराचा जीव जायचा. वेळ वाढला, खर्च वाढला, गिऱ्हाईक कमी झालं.

ल्युर्साने काय केलं? पूर्ण मापाचं रेखाटन केलं, नुसत्या काळ्या रेघांचं. रंग भरलाच नाही! प्रत्येक भागात आकडा लिहिला. एक आकडा म्हणजे लोकरीची एक ठरलेली छटा, आणि छटा मोजक्याच. शिवाय तिथे विणकर मागच्या बाजूने विणतो, रेखाटन ताण्याखाली ठेवून. म्हणून ते उलटं, आरशातल्यासारखं काढावं लागतं. नाहीतर डावा हात उजवा होणार.

दिसायला हा कागद अगदी रुक्ष. पण माझ्या मते रंगवलेल्या चित्रापेक्षा धंद्यात हाच मोलाचा, कारण यावरून लोकर किती लागेल याचा हिशोब काम सुरू होण्याआधीच मांडता येतो. आणि कमी रंग म्हणजे हलकं काम असंही नाही. त्याचं 'ल शां द्यू माँद' हे काम दहा भागांचं, एकूण सुमारे ८० मीटर लांब आहे. आज ते आँजे शहरात लोक तिकीट काढून बघतात.

काहीजण म्हणतात, आकड्यांनी विणकराचं स्वातंत्र्य गेलं. थोडं खरं आहे. म्हणून आकडे ठरवतानाच कारागिराला बसवून विचारा, त्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते. पण "दादा, तुमच्या मनाने छान करा" हे स्वातंत्र्य नव्हे हो! माल बिघडला की त्याचीच मजुरी कापतो ना आपण? म्हणजे जोखीम त्याच्या गळ्यात आणि डिझायनर म्हणून नाव आपलं.

आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, "असंच पाहिजे". तुमच्या मोबाईलवरचा मरून त्याच्या मोबाईलवर चॉकलेटी दिसतो. चाळीस ब्लाउज शिवून येतात आणि मग भांडण. त्यापेक्षा शेडकार्डचा नंबर लिहा, माप इंचात लिहा, सुलट बाजू कुठली ते लिहा. पाच शेड पुरत असतील तर बारा कशाला?

पुढची ऑर्डर देताना तो कागद कारागिराच्या हातात द्या आणि काय करायचंय ते त्यालाच सांगायला लावा. तुम्ही मध्ये बोलू नका. तो जिथे अडेल, तिथे पेन्सिलने खूण करा आणि ॲडव्हान्स द्यायच्या आधी तेवढं भरून घ्या.