कुलूप घट्ट, पण चावी कुणाकडे?

हेमलकसा म्हटलं की १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. त्याच भामरागड भागातल्या माडिया लोकांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तिच्या नोंदी पोर्टलवर जातात.

आपण कॉम्प्युटरवाले लगेच म्हणणार, एन्क्रिप्शन करा, नावं काढा, झालं! पण मित्रांनो, नाव काढलं तरी ‘माडिया, तालुका भामरागड’ एवढं उरतंच. शिक्का साऱ्या जमातीवर बसतो.

अमेरिकेत हावासुपाई आदिवासींचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं, आणि वापरलं स्किझोफ्रेनिया व स्थलांतराच्या संशोधनालाही. २०१० साली ॲरिझोनातल्या विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. तिथं कुणी हॅकर नव्हता. चावी ज्यांच्याकडे होती, त्यांनीच विश्वास मोडला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. क्लाऊडवरच्या माहितीचा नवा वापर करायचा, तर पुन्हा विचारा, तेही माडिया भाषेत. कुणी काय पाहिलं ते गावाला सांगा. आणि कुणी ‘नाही’ म्हटलं, तर त्याचे उपचार थांबू नयेत.

प्रोजेक्टसाठी डेटा उतरवून घेताना आपणही एवढं विचारूया: हे रक्त कुणाचं, आणि त्याला विचारलंय का?